निवळशंख पाण्याचा हट्ट

मालवणच्या समुद्रात पाण्याखाली बघण्यासारखं काही नाही, असं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आले. ऑफिसातलं कुणी तारकर्लीला स्कूबा करून आलं, उत्साहाने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवू लागलं, की मी तो अर्धवट बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे, पण एकदा अंदमानला जाऊन ये, मग कळेल." समोरच्याचा चेहरा पडलेला मला दिसायचा. तरीही पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला मी तेच ऐकवायचे.

हे लिहिताना अवघडायला होतं, कारण मालवण माझं आजोळ. ज्या समुद्राला मी नावं ठेवत होते, त्याच्यावरच माझ्या आईचं माहेर जगलं. मामा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात, वाटेकरी होता. मे महिन्याच्या सुट्टीत पहाटे किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांचा गलका सुरू झाला की आम्ही मुलं धावत सुटायचो, दोराला हात लावायचो आणि त्या हात लावण्याबद्दल मिळालेले बांगडे घेऊन आजीकडे परतायचो. पाण्यात मात्र मुलींनी गुडघ्यापलीकडे जायचं नाही, असा आजीचा दंडक होता. मे महिन्यात वारं वाढायला लागतं, लाटा तळाची वाळू ढवळून काढतात, पाणी मातकट दिसतं. आजोळचा समुद्र मी पाहिला तो असा, मे महिन्यातला आणि गुडघ्याइतका. तेवढ्यावरून मी त्याच्याबद्दल कायमचं मत करून टाकलं.

पोहायला शिकले पुण्यात. डायव्हिंग शिकले अंदमानात, हॅवलॉकला, ज्याचं नाव आता स्वराज द्वीप आहे. तिथे पाण्यात शिरल्यावर वीस-वीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं. तळाजवळून मान वर केली तर आमच्या बोटीचा तळ आणि शिडीवरून उतरणाऱ्या माणसाचे पाय दिसायचे. कानातला दाब सोडायला, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकातून फुंकर मारून बाहेर काढायला आणि सगळ्यात महत्त्वाचं, श्वास कधीही न रोखायला मी तिथे शिकले. त्या शिक्षणाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पण त्याबरोबर एक मोजपट्टीही माझ्या हाती आली आणि ती मला कुणी दिलेली नव्हती, माझी मीच घेतली होती. कुठल्याही समुद्राबद्दल माझा पहिला प्रश्न असायचा, "व्हिजिबिलिटी किती?" आकडा मोठा असेल तर समुद्र चांगला. मालवणला ती साधारण पाच मीटर मिळते, कधी त्याहून कमी. मग मालवणचा विषय माझ्यापुरता संपायचा.

पाण्याबद्दलचं मत एक वेळ चालून गेलं असतं. माणसांबद्दलचं मत जास्त वाईट होतं. मालवणला स्कूबाचा धंदा झपाट्याने वाढला. पर्यटकाला बोटीतून न्यायचं, पाठीला सिलिंडर बांधायचा, मागून एकाने धरून काही मिनिटं खाली फिरवायचं, पाव टाकून मासे गोळा करायचे आणि फोटो-व्हिडिओ काढून वर आणायचं. हे सगळं करणारी पोरं गावातली, बहुतेक मासेमारांच्या घरातली. त्यांच्याबद्दल बोलताना मी "ती पॅकेजवाली पोरं" असे शब्द वापरत असे. माझं म्हणणं असं, की यांना समुद्राचं काय पडलंय, यांना गिऱ्हाईक हवं. पाव टाकण्याला माझा आक्षेप होता आणि तो आजही आहे. माशांना तसं खायला घातलं की त्यांच्या सवयी बिघडतात, हे खरंच आहे. माझ्या आक्षेपात तथ्य होतं, म्हणूनच त्याच्या आड दडलेला तुच्छभाव मला स्वतःला कधी दिसला नाही. बरोबर असण्याचा माझ्याइतका गैरफायदा क्वचितच कुणी घेतला असेल.

आणि मामाशी माझा वाद होता तो वेगळाच. १९८७ साली सरकारने मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर केलं. एकोणतीस चौरस किलोमीटरचं क्षेत्र, त्यातला सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक धरून तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. महाराष्ट्रातलं ते पहिलं सागरी अभयारण्य. मासेमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला आणि मामा त्या विरोध करणाऱ्यांत होता. मी डायव्हिंग शिकून आल्यावर तर मला चेवच चढला. जेवणाच्या पाटावर मी मामाला प्रवाळ म्हणजे काय, जैवविविधता म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. मामा ऐकून घ्यायचा आणि एवढंच विचारायचा, "मगे आमी जाळी खय टाकूची?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नसलेलं उत्तर झाकण्यासाठी मी आणखी मोठ्या आवाजात बोलायचे. त्याने ज्या पाण्यात आयुष्य काढलं, त्याविषयी मी त्याला पुण्यातून येऊन शिकवत होते, आणि ते पाणी मी आतून एकदाही पाहिलेलं नव्हतं.

ते पाहिलं ते एका डिसेंबरात, आणि तेही आढेवेढे घेत. मामाच्या घरी लग्नकार्य होतं. कार्य उरकल्यावर मामेभावाने त्याच्या ओळखीच्या एका डायव्हरशी परस्पर ठरवून टाकलं. तो मुलगा गाबित मासेमारांच्या घरातला, बापाबरोबर लहानपणापासून होडीत गेलेला, पुढे तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रात रीतसर डायव्हिंग शिकलेला. नाही म्हटलं तर पाहुणचाराचा अपमान झाला असता, म्हणून मी गेले. निघण्याआधी मी त्याला विचारलंच, "आज व्हिजिबिलिटी किती आहे?" तो म्हणाला, "असा बऱ्यापैकी." मला वाटलं, हा टाळतोय.

जेटीवरून होडी निघाली आणि किल्ल्याच्या बाजूने पुढे गेली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो हा किल्ला. लहानपणी तट बघितला होता, बुरूज बघितले होते. पण ते बांधकाम ज्या खडकावर उभं आहे तो खडक तटापाशी थांबत नाही, पाण्याखाली पुढे पसरत जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. भरतीला बुडणारी आणि ओहोटीला डोकं वर काढणारी खडपं मला फक्त होडीच्या वाटेतला धोका म्हणून माहीत होती.

आम्ही उतरलो ते सहा-सात मीटर खोलीवर. एवढ्या उथळ पाण्याला मी मनातून हसले होते. खरं तर प्रमाणात पाहिलं तर दाबातला सर्वांत मोठा फरक या पहिल्या दहा मीटरांतच पडतो. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. म्हणून उथळ पाण्यातही कान सांभाळावे लागतात आणि वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसांना इजा होऊ शकते. हे मला पाठ होतं. तरीही उथळ म्हणजे किरकोळ, असं मी धरून चालले होते.

खाली सगळं हिरवं होतं. निळं नाही, करडं नाही, हिरवं. पाण्यात बारीक कण तरंगत होते आणि चार-पाच मीटरांपलीकडे तो हिरवा रंग दाट होऊन भिंत उभी राहत होती. कानांवर मात्र सतत एक कडकडाट येत होता, गरम वाळूत लाह्या फुटाव्यात तसा. खडकांच्या फटींतल्या लहान कोळंब्या आपली नांगी झटक्याने मिटतात तेव्हा बनणाऱ्या बुडबुड्याच्या फुटण्याचा तो आवाज. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे तो कुठून येतोय हे कानांना ठरवता येत नाही. दिसत काही नव्हतं आणि ऐकू मात्र चहूबाजूंनी येत होतं. तेव्हाच मला थांबून विचार करायला हवा होता, की एवढा आवाज आहे म्हणजे एवढं कुणीतरी इथे राहतंय. मी विचार केला नाही. मी फिन्स मारत पुढे निघाले, पुढे काहीतरी "दिसेल" म्हणून.

त्या मुलाने मागून माझा फिन धरला.

मी वळले. त्याने तळहात आडवा धरून दाखवला, इथेच थांब. मी बोट पुढे केलं, तिकडे जाऊ. त्याने मान हलवली आणि पुन्हा तोच तळहात. मला राग आला. माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, मी कुणी पहिल्यांदा उतरलेली पर्यटक नाही, असं सगळं मनात येऊन गेलं. पाण्याखाली भांडता येत नाही, म्हणून थांबले.

समोर एक खडक होता. माझ्या लेखी तपकिरी, ओबडधोबड, रिकामा खडक. वरच्या अंगाला समुद्री शैवालाचे झुबके, ते पाण्याच्या हेलकाव्याबरोबर एकदा इकडे झुकत, एकदा तिकडे. आम्ही दोघं त्याच्यासमोर नुसते तरंगत राहिलो. मग त्याने टॉर्च लावला.

पाणी प्रकाशातला तांबडा रंग आधी शोषून घेतं. काही मीटर खाली गेलं की तांबडं सगळं मळकट तपकिरी दिसू लागतं. टॉर्चचा झोत पडला तसा खडकाचा रंग फिरला. विटकरी स्पंजांचे ठिपके उमटले. ज्याला मी दगडाचाच भाग समजत होते तो एक गोलसर उंचवटा प्रवाळाचा निघाला, अंगभर बारीक कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक जीव. आणि त्याच्या शेजारी, खडकाच्या उभ्या अंगावर, तळहाताएवढा एक जांभळट तांबडा डाग होता. टॉर्चचा झोत त्या डागाच्या कडेला स्थिर ठेवून तो मुलगा मला खुणावत होता, बघ.

मी जवळ गेले. डाग अंड्यांचा होता. खसखशीहून फार मोठी नसतील अशी असंख्य अंडी, एकमेकींना खेटून खडकाला चिकटलेली. आणि त्यांच्यासमोर एक मासा. अंगावर पाच काळे पट्टे, ज्याला इंग्रजीत सार्जंट मेजर म्हणतात तो. या माशाला मी ओळखत होते. मालवणच्या प्रत्येक व्हिडिओत पर्यटकाच्या तोंडाभोवती पावासाठी झुंबड करणारे मासे हेच. मी त्यांना मासे म्हणूनही मोजत नव्हते. ते माझ्या दृष्टीने सजावट होते. इथे मात्र तो एकटा होता आणि नेहमीपेक्षा गडद, निळसर दिसत होता. या जातीत अंडी राखण्याचं काम नराचं असतं आणि त्या काळात त्याचा रंग असा गडद होतो. तो माझ्या मास्कवर चाल करून आला. टकरीच्या अंतरावर येऊन वळला, अंड्यांपाशी गेला, पुन्हा आला. माझ्या तळहाताएवढा जीव माझ्यासारख्या धूडावर धावून येत होता.

आणि मी काय केलं? मी कॅमेरा पुढे केला.

फोटो चांगला यावा म्हणून आणखी सरकले. मासा बिचकला, हातभर मागे गेला. तेवढ्यात खडकाच्या वरच्या बाजूने लांबोडके हिरवट मासे सुळकन खाली आले आणि अंड्यांवर तुटून पडले. मला आधी कळलंच नाही काय होतंय. मला वाटलं, वा, अजून मासे आले. मग त्यांची तोंडं दिसली. ते अंडी खात होते. राखणदार दूर झाला की शेजारपाजारचे मासे ही संधी सोडत नाहीत, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. ती संधी मी त्यांना करून देत होते. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्याला मागून जोराचा हिसका बसला. त्या मुलाने मला ओढून मागे घेतलं होतं, दोन हात, मग आणखी दोन हात. मी लांब गेले तसा तो मासा परतला, घुसखोरांना त्याने एकेक करून पिटाळलं आणि पुन्हा अंड्यांसमोर आपल्या जागी उभा राहिला. त्या जांभळट डागाच्या एका कडेला आता उघडा खडक दिसत होता.

सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचाही नसेल. पण माझ्या मताला तडा गेला तो इथे, आणि म्हणून मला त्या अर्ध्या मिनिटापाशी थांबायचं आहे. मला तिथे सौंदर्य दिसलं आणि मी भारावले, असं झालेलं नाही. तसं झालं असतं तर मी परत येऊन "मालवणही छान आहे" एवढंच म्हणाले असते आणि माझी मोजपट्टी तशीच राहिली असती. मला दिसलं ते माझं स्वतःचं वागणं. जिथे काही नाही असं मी सांगत होते तिथे कुणाचं तरी घर होतं, आणि त्या घरात शिरून पहिलं नुकसान मी केलं होतं. ज्याला मी गिऱ्हाईक बघणारा म्हणत होते, त्या मुलाने मला, म्हणजे गिऱ्हाइकालाच, ओढून बाजूला केलं होतं. समुद्रावर प्रेम करणारी कोण आणि समुद्र वापरणारं कोण, याबद्दल माझ्या मनात जी वाटणी होती, तिच्या दोन्ही बाजू त्या अर्ध्या मिनिटात उलट्या झाल्या.

उरलेला वेळ आम्ही त्याच खडकाच्या आसपास काढला. मी कॅमेरा बंद केला. चार मीटरांपलीकडे काही दिसत नाही म्हटल्यावर चार मीटरांच्या आत बघण्यावाचून पर्याय नव्हता, आणि मग दिसायला लागलं. शिंपल्याच्या रिकाम्या भोकातून डोकं काढून बघणारा, बोटभरही नसलेला एक मासा. कपारीतून बाहेर आलेल्या शेवंडीच्या दोन लांब मिशा. अंदमानात मी एवढी हिंडले, पण एका खडकासमोर इतका वेळ कधी थांबले नव्हते. तिथे लांबवर दिसत होतं, म्हणून मी सतत लांबच्याच ओढीने जात राहिले. दोष अंदमानचा नव्हता. नजर माझी होती.

होडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, "सॉरी." तो म्हणाला, "होता तसा." मग सांगू लागला, की याच खडकावर तो बापाबरोबर शेवंडीसाठी जाळं लावायला यायचा. इथल्या प्रत्येक खडकाला मासेमारांनी दिलेलं नाव आहे, कुठल्या खडकावर कुठल्या महिन्यात काय मिळतं ते जुन्या माणसांना पाठ आहे. मी विचारलं, "पण पाणी इतकं गढूळ असताना दिसतं कसं तुम्हाला?" तो हसला आणि म्हणाला, "ताई, पाणी निवळ झाला तर मासो काय खातलो?"

हे वाक्य मी पुण्याला घेऊन आले आणि त्याच्यामागे लागले. जे वाचत गेले त्याने मला आणखी खजील केलं. पावसाळ्यात नद्या-खाड्या जमिनीवरची पोषकद्रव्यं समुद्रात आणून ओततात. त्याच काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती-प्लवक फोफावतात, त्यांच्यावर प्राणी-प्लवक वाढतात आणि या प्लवकांवर तारली आणि बांगडा पोसले जातात. त्यांच्यावर सुरमईसारखे मोठे मासे. उष्ण कटिबंधातलं निवळशंख निळं पाणी बहुधा निवळ असतं ते त्यात पोषकद्रव्यं कमी म्हणून. तिथली प्रवाळबेटं असलेल्या तुटपुंज्या अन्नाचा काटकसरीने फेरवापर करत जगतात, आणि त्यांची ती करामत थोर आहेच. पण मी ज्याला मालवणच्या पाण्यातली घाण म्हणत होते, ते अन्न होतं. गाळ होता, पण सगळा गाळच नव्हता. पुण्याच्या बाजारातला बांगडा बघून "मालवणची सर नाही" म्हणणारी मी, ज्या हिरव्या पाण्याने तो बांगडा वाढवला त्याच पाण्याला नाकं मुरडत होते. इतका सरळ संबंध मला इतकी वर्षं दिसला नाही, कारण मी तो शोधलाच नव्हता. मला स्वच्छ दिसणारं सगळं श्रीमंत वाटत होतं.

मग प्रवाळांकडे वळले. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा त्याला देतं, शिवाय तो स्वतःही पाण्यातले प्लवक पकडतो. मालवणच्या खडकांवरच्या प्रवाळांना उजेड कमी, गाळ जास्त, पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोट वेगळाच. तरी ते तिथे टिकून आहेत. गोलसर वाढणारे पोराइटीस जातीचे काही प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे माझ्या डोक्याएवढा एखादा उंचवटा काही दशकांचा असू शकतो. कठीण सांगाड्याच्या सगळ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा आहे, जिथे वाघ आहे तिथेच. अंदमानात शिकाऊ असताना तोल सावरायला मी कशाकशाला हात टेकले असतील, कुठल्या "दगडावर" गुडघे टेकले असतील, ते आता आठवून उपयोग नाही. पण वाघावर गुडघा टेकून फोटो काढला, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे मला पक्कं माहीत आहे.

आणि मग ते वाचनात आलं, जे मला सगळ्यात आधी वाचायला हवं होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या अभयारण्यातल्या प्रवाळांचा अभ्यास करून २०२० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. करमणुकीच्या डायव्हिंगमुळे तिथल्या प्रवाळांची मोडतोड होते आहे, हा त्याचा विषय. जाळ्यांनी समुद्राचं काय होतं यावर मी मामाला सुनावत होते, आणि माझ्या लाडक्या छंदाची जी किंमत त्या खडकांना मोजावी लागत होती, ती माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती. फिनचा फटका, टेकलेला हात, प्रवाळांवर टाकलेला नांगर, फोटोसाठी धरलेला खडक. पॅकेजवाली पोरं हे करतात असं मी म्हणत होते. ती ज्यांच्यासाठी करतात ती माणसं माझ्यासारखी शहरातून आलेली असतात, आणि घाईत असतात.

मामाबद्दलही मला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागला. त्याचा अभयारण्याला विरोध होता हे खरं. पण पर्ससीनच्या मोठमोठ्या जाळ्यांनी समुद्र उपसला जातोय, लहान मासळीही सुटत नाही, म्हणून रस्त्यावर उतरलेले मालवणचे पारंपरिक मासेमारच होते. पर्ससीनवर सरकारने २०१६ साली निर्बंध आणले, त्यामागे त्यांचा मोठा रेटा होता. मामा त्या मोर्चांना गेला होता. त्याने मला ते सांगितलंही होतं. मी ते ऐकलं होतं ते "मासेमारांची आपसातली भांडणं" म्हणून. समुद्र वाचवण्याची एवढी मोठी लढाई माझ्या आजोळच्या घरातून लढली जात होती आणि मला ती ओळखू आली नाही, कारण तिच्यात प्रवाळ हा शब्द नव्हता.

आता माझं मत काय आहे, ते सरळ सांगते. गाभ्याच्या खडकांना संरक्षण हवं, हे मला आजही वाटतं, पूर्वीपेक्षा जास्त वाटतं. पण ते मामाच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय टिकणार नाही, हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आज मान्य आहे. ज्या माणसांना खडकांची नावं ठाऊक आहेत त्यांना वगळून आखलेली हद्द कागदावर राहते. आणि जाळ्याला मनाई करून डायव्हिंगला मोकळं रान द्यायचं असेल, तर त्याला मी संरक्षण म्हणणार नाही. एका वेळी किती पर्यटकांनी उतरायचं, नांगर टाकण्याऐवजी बोटी कायमच्या बोयाला बांधायच्या, माशांना पाव टाकायचा नाही, हे नियम मलाही लागू व्हायला हवेत. त्यामुळे डायव्ह महाग झाला तर तो महाग असू दे. त्या मुलाचं उत्पन्न गर्दीवर नव्हे, त्याच्या माहितीवर चालावं, असं मला वाटतं.

माझ्यापुरतं मी काही ठरवलं आहे. कुठल्याही नव्या जागी आधी वाळूवर उतरून तोल नीट साधतो का ते बघते, मगच खडकाजवळ जाते. पहिल्यांदा उतरताना कॅमेरा नेत नाही. पावाचा तुकडा कुणाच्या हातात दिसला तर अडवते, मात्र आता आवाज न चढवता, आणि आधी त्या डायव्हर मुलाला बाजूला घेऊन विचारते, गिऱ्हाईक हट्ट करतं का म्हणून. बहुतेक वेळा उत्तर हो असं असतं. मग मी त्या गिऱ्हाइकाशी बोलते. ते मी पूर्वी कधी केलं नव्हतं. पोरांना बोल लावणं सोपं होतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मी जपून वागले, कमी गेले, हात लावला नाही, तरी मी तिथे उतरते म्हणजे थोडा त्रास देतेच. त्या नराने अंड्यांपासून एक क्षण नजर हलवली तरी त्याचं नुकसान होतं, मग मी जावंच का? यावर कधी एक बाजू पटते, कधी दुसरी. न पाहता मी वर्षानुवर्षं त्या समुद्राचा अपमान केला, आणि पाहिल्याशिवाय मला त्याच्या बाजूने उभं राहता आलं नसतं, हेही खरं. पण माझ्या शिक्षणाची फी त्या खडकाने भरावी, हे मला आता सहज गिळता येत नाही. जायचंच असेल तर जाण्याचं काहीतरी देणं लागतं, एवढं पक्कं झालंय, आणि ते देणं बोटीच्या भाड्यात फिटत नाही.

मामाशी मी बोलले. त्याची माफी मागितली, तेव्हा तो ओशाळला आणि विषय बदलून भरतीच्या वेळा सांगू लागला. अभयारण्याबद्दल आमचं अजूनही पूर्ण पटत नाही. फरक एवढाच, की आता मी विचारते आणि तो सांगतो. कुठला खडक पूर्वी कसा होता, तिथे काय मिळायचं आणि ते मिळेनासं कधी झालं, हे त्याच्या तोंडून ऐकून मी लिहून ठेवायला लागले आहे. यातलं किती पुस्तकांत आहे मला माहीत नाही, त्याच्या पिढीबरोबर ते जाणार आहे. तुमच्या आजोळी असं कुणी असेल, तर त्याला समुद्राबद्दल काही शिकवायला जाऊ नका. आधी वही घेऊन बसा.